जावयाला दिलेला नारळ

आमच्या पेठेत दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर एक जुनं भांडण उकरून निघतं. फुटबॉलची खेळाडू नोंदणी जवळ आली, कोण कुठं सही करणार ह्याच्या बातम्या उठू लागल्या, की तालमीच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतो, "त्या साली तेवढा स्टॉपर आपल्याकडं आला असता तर." झालं. तिथनं सुरू.

"चाळीस हजार मागितलं त्यानं. माझ्या चुलत्यानं सोताच्या कानानं ऐकलंय."

"चाळीस कसलं, पन्नास."

"तवा पन्नास हजारात अख्खी टीम आली असती मर्दा, गोलीसकट!"

"म्हणूनच न्हाय आला न्हवं!"

बाहेरगावच्या माणसाला सांगायचं तर कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही. पेठेचा गणपती तालमीचा, पेठेची भांडणं तालमीत मिटणार, आणि फुटबॉलची टीमही तालमीच्याच नावानं खेळणार. पेठेतलं पोरगं चालायला लागलं की त्याला टीमचा रंग आधी कळतो, मग बापाचं नाव. स्टॉपर म्हणजे गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, पुढं भिंतीसारखा उभा राहणारा गडी. आमच्याकडं तसा गडी त्या साली नव्हता. ज्याची सही राहिली तो स्टॉपर माझा जावई.

हे कट्ट्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. तरी ते आवाज खाली करत नाहीत. मीही उठून जात नाही. उठून गेलो तर म्हणतील आबाला टोचलं. दरवर्षी आकडा वाढतो आणि मी ऐकत बसतो. एकदा टीव्हीवर विलायती मॅचेस बघणारा एक शिकलेला पोरगा मला समजावून सांगायला लागला.

"आबा, तवा तुमचा जावई फ्री एजंट हुता."

"एजंट कशाचा? विम्याचा?"

"तसं न्हवं ओ. करार संपल्याला खेळाडू. कुठंबी सही करू शकतोय. जो क्लब पैसा दील तिकडं."

"आमी त्याला मोकळा म्हणायचो," मी म्हटलं. "आणि मोकळा निराळा, मोकाट निराळा. जो पैसा दील तिकडं जातोय तो मोकाट."

"मग तुमचा जावई कसला?"

सगळा कट्टा हसला. त्याचं उत्तर इथं लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, उद्यमनगरात लेथवर उभं राहून जन्म गेला. हातात पेन धरायची सवय नाही. पण त्या पोरांना तोंडी सांगून कळायचं नाही, मधेच बोलतात.

लेकीचं लग्न नव्वद सालानंतरचं. पोरगा दुसऱ्या पेठेतला, आमच्या कट्टर विरोधातल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला लाजाळू. मैदानात मात्र समोरच्याच्या अंगावर असा जायचा की बघणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. भावकी म्हणाली, "सगळ्या कोल्हापुरात हेच घर गावलं व्हय?" पण व्याही गूळ बाजारात तोलाईचं काम करणारा सरळ माणूस. सुपारीच्या बैठकीत देण्याघेण्याचा विषय कुणीतरी काढला, तसा तो हात आडवा करून म्हणाला, "आमास्नी पोरगी पायजे, पैका नको. दोन घरांत पैशाचा शब्द शिरला की घर बाटतंय." मला ते लई पटलं. मी चार माणसांत म्हटलं, "माझ्या तोंडातनं तो शब्द कधी निघायचा न्हाय." टाळ्या पडल्या, पेढा वाटला. व्याही पुढं दोनेक वर्षांत वारला. पण शब्द द्यायला माणूस लागतो, पाळायला लागत नाही.

लग्नानंतर मॅचची गंमत होऊन बसली. आमची आणि त्यांची मॅच असली की माहेरी आलेली लेक आदल्या दिवशीच निघून जायची. "उद्या मी हितं न्हाय थांबत," म्हणायची, "कोण जिंकल्यावर कुणाच्या घरात हसायचं तेच कळत न्हाय." स्टेडियममध्ये मी आमच्या पेठेच्या गर्दीत बसायचो. खाली जावई आमच्या फॉरवर्डला आडवा करायचा आणि आमची पोरं उठून शिव्यांची माळ लावायची. त्या शिव्यांत आई यायची, बहीण यायची, आणि शेवटी सासरा यायचा. सासरा आला की बोलणारा गपकन मागं वळायचा.

"आबा, तुमास्नी न्हाय हं! त्येच्या सासऱ्याला!"

मी म्हणायचो, "चालू दे." आणि खरं सांगतो, जावयानं आमचा बॉल काढून घेतला की आत कुठंतरी मला बरं वाटायचं. कुणाला दाखवलं नाही.

असं सात-आठ वर्षं चाललं. मग खेळात पैसा आला. आधी खेळाडूला बूट मिळायचे, खुराकाला अंडी-दूध मिळायचं, नशीब असलं तर एखाद्या पुढाऱ्याच्या संस्थेत चिकटवून द्यायचे. जावयालाही त्याच्या तालमीतल्या एका वजनदार माणसानं पतसंस्थेत शिपाई म्हणून लावला होता. मग गोव्याचे, बंगालचे गडी हंगामापुरते येऊ लागले, रोख घेऊन खेळू लागले. त्या भरतीत जावयाच्या तालमीनं त्याला सोडला. तिशी ओलांडली होती, एका गुडघ्यात पाणी व्हायचं. तालमीतनं सुटला तसा पतसंस्थेतही त्याचं स्टूल दुसऱ्याला गेलं. ती नोकरी खेळाचीच होती, खेळ गेला तशी गेली.

लेक सांगायला आली तेव्हा मी आतल्या खोलीत होतो.

"आई, त्यास्नी तालमीनं सोडचिठ्ठी दिली."

"असलं अभद्र तोंडातनं काढू नगंस. सोडचिठ्ठी बायकूला देत्यात."

"मग काय म्हणू? रोज सकाळी उठून बूट पुसून ठेवत्यात. जायाला मैदान न्हाय. घरभाडं दोन महिन्याचं द्यायचं ऱ्हाईलंय. कुणी इचारंल म्हणून दारात बसत्यात."

मी बाहेर आलो, तशी मला बघून ती बोलायची थांबली. आमच्यात पैशाचं बोलत नाहीत हे तिलाही माहीत होतं. सुपारीच्या बैठकीत दाराआड तीच उभी होती.

आठवडाभरात तालमीचे तिघं माझ्या दारात आले. एक अध्यक्ष, एक खजिनदार, आणि तिसरा कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला. हा तिसरा तालमीत कशावरच नव्हता, पण सगळीकडं असायचा. बोलायला तिखट, माणसं हसवायचा. त्याच्या पानपट्टीवर सकाळी बोललेलं दुपारी मंगळवार पेठेत पोचायचं आणि संध्याकाळी उचगावात.

अध्यक्ष म्हणाला, "आबा, गेल्या साली मधनं किती गोल खाल्लं बघितलंसा न्हवं? स्टॉपर पायजे. तुमचा जावई मोकळा हाय."

"घ्या की मग."

खजिनदार म्हणाला, "गणपतीतलं थोडं उरलंय. दोन दुकानदार मदत करणार हाईत. ताणून वीस हजार करू. पर त्येंची अपेक्षा काय, ते कळाय नगं?"

"वीसात गोव्याचा गडी येतोय," पानपट्टीवाला म्हणाला.

"गोव्याचा गडी मॅच हरला की गोव्याला जातोय," अध्यक्ष म्हणाला. "ह्यो कुठं जाईल? सासुरवाडी हितंच हाय." मग माझ्याकडं वळून, "आबा, तुमी बोला त्येंच्याशी. घरचं माणूस हाय."

"खेळायचं बोलतो. पैशाचं मी बोलणार न्हाय."

"मग कोण बोलणार?"

"तालीम तुमी. पैसा तुमचा. तुमी बोला."

"सासरा जित्ता असताना जावयाशी आमी सौदा करायचा? वाईट दिसतंय की आबा. उद्या म्हणतील, आबांनी आमच्याकडनं जावयाला हुंडा देवविला."

"म्हणूनच मी बोलत न्हाय!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी मी म्हटलं, "नोंदणीच्या आदल्या दिवशी त्यास्नी दोघास्नी जेवायला बोलावतो. जेवणं झाल्यावर तुमी फॉर्म घेऊन या. माझ्या घरात बसून काय ते उरका." तिघांना पटलं. त्यांनी त्यातनं काय घेतलं ते मला मागनं कळलं. त्यांनी घेतलं, आबा जेवताना आकडा बोलून ठेवणार, आपण फक्त सही घ्यायला जायचं. मी घेतलं, ते आकडा बोलणार. आणि जावई समजून बसला की मामांनी घरी बोलावलंय म्हणजे मामांनी तालमीशी सगळं ठरवलंय.

माझी मालकीण त्या रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढंच म्हणा की, पावणं, तालीम इतकं इतकं देतीया, मनात धरू नगा, घ्या. जीभ झडंल व्हय?"

"सुपारीत शब्द दिलाय."

"ज्येला दिला तो गेला वर. त्येंच्या घरात काय चाललंय ते बघा की."

"तालीम कुणाला उपाशी ठेवत न्हाय. आधी सही करू दे."

"मग मी बोलती."

"सासूनं जावयाशी सौदा करायचा? डोक्यावरचा पदर कुठं ठेवणार?"

तिनं तवा आपटला. माझं आजही म्हणणं तेच आहे. माझ्या घरात जावयाला किंमत सांगणं म्हणजे त्याला बाजारात उभा करणं. बैलाचे दात बघून बोली करतात तसं मी लेकीच्या नवऱ्याचं करू?

ठरलेल्या दिवशी दोघं आली. जावयानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं. त्याला पेन लावलेलं मी लग्नात सुद्धा बघितलं नव्हतं. मटणाचं जेवण झालं. गुडघा दुमडत नव्हता म्हणून तो एक पाय लांब करून बसला आणि तेवढ्यासाठी दोनदा "माफ करा मामा" म्हणाला. आम्ही ऊस, पाऊस, व्याह्यांची आठवण, सगळं बोललो. मॅचचं नाव मी काढलं नाही, त्यानंही नाही. लेक वाढताना एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

जेवणं होऊन हात धुतोय तोवर तिघं आले. पानपट्टीवाल्यानं सगळ्यांना विडे आणले होते. सगळे बसले. अध्यक्ष म्हणाला, "काय पावणं, गुडघा काय म्हणतोय?"

"बरा हाय."

"आमच्या पोरास्नी लई आडवं केलंसा तुमी."

"खेळातलं ते."

"व्हय व्हय, खेळातलं."

मग कुणी बोलेना. खजिनदाराच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्म होता. पिशवीतनं तो दिसत होता. तो पिशवीवर बोटं वाजवत माझ्याकडं बघत होता. मी अध्यक्षाकडं बघत होतो. अध्यक्ष जावयाकडं बघत होता. जावई खाली सतरंजीकडं. आतनं भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. म्हणजे आतही ऐकत होत्या. विडे चघळून झाले, चहा झाला. चहानंतर तर बोलायला काहीच राहिलं नाही.

शेवटी जावई उठला. "बरं मामा, येतो."

आपल्याकडं जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. ते म्हणून तो जरा थांबला. त्याला वाटलं असावं, कुणीतरी म्हणेल, "अवो बसा की, कामाचं ऱ्हाईलं." मला वाटलं अध्यक्ष म्हणेल. अध्यक्षाला वाटलं मी म्हणीन.

तेवढ्यात मालकीण बाहेर आली. लेक-जावई निघाले की तिची रीत ठरलेली. लेकीची ओटी भरली, कुंकू लावलं. जावयाच्या कपाळाला गंध लावून टॉवेल, टोपी आणि नारळ त्याच्या हातात दिला. कोल्हापुरात काय आणि बाहेर काय, घरोघर असंच करतात. आठ वर्षं त्यानं तो नारळ ह्याच उंबऱ्यावर घेतला होता. पण त्या दिवशी समोर तालमीचे तिघं बसले होते, फॉर्म पिशवीत होता, आणि नारळ जावयाच्या हातात.

पानपट्टीवाल्यानं मांडीवर थाप मारली.

"घ्या! आबांनी तर जावयाला नारळच दिला की!"

माणसाला कामावरनं काढला की आपण काय म्हणतो, त्याला नारळ दिला. त्याच्या तालमीनं त्याला आधीच दिला होता. आता सासरवाडीनं खरोखरीचा दिला. अध्यक्ष हसला. खजिनदाराला ठसका लागला इतका तो हसला. ते वाईट मनानं हसले नाहीत, हे मी सांगतो. इतका वेळ सगळ्यांचा श्वास कोंडला होता, तो सुटला.

मी हसलो नाही. लेकीचं म्हणणं, आबा हसले. मी हसलो नाही.

जावयानं नारळ परत ठेवला नाही. ठेवला असता तर सासूचा अपमान झाला असता. टोपी डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ दोन्ही हातांत धरला, मला वाकून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरला. लेकीनं मागं वळून बघितलं ते मालकिणीकडं. माझ्याकडं नाही.

ती दोघं गल्लीच्या टोकाला पोचली आणि अध्यक्ष म्हणाला, "आबा, सही?"

"तुमी काढला का विषय?"

"तुमी बोलला न्हाईसा व्हय?"

मग तिघांची आणि माझी जी जुंपली ती सगळ्या गल्लीनं ऐकली. खजिनदार म्हणाला, आत्ता सायकल काढतो, गाठतो. पानपट्टीवाला म्हणाला, "सासुरवाडी सोडून जातंय कुठं? सकाळी जाऊ." सकाळी जाऊ असं ठरलं. आणि पानपट्टीवाला पानपट्टीवर जाऊन बसला.

सकाळी ते गेले तेव्हा जावई घरी नव्हता. नोंदणीच्या ऑफिसात पोचले तोवर त्यानं नदीकडच्या एका लहान टीमकडं सही केली होती. दरवर्षी खालनं दुसरी येणारी टीम. ह्या टीमकडं पैसा कुठला? बूट आणि येण्याजाण्याचं भाडं, एवढ्यावर सही. कट्ट्यावर म्हणतात पैशासाठी गेला. मग पैसा नसलेल्या टीमकडं का गेला, ह्याचं उत्तर कुणी देत नाही. वर म्हणतात, वरनं दिले असतील. कुणी दिले? तर म्हणे कुणीतरी.

त्याच्या आधीच ती नारळाची गोष्ट गावभर झाली होती. भाजी मंडईत, रिक्षा स्टॉपवर, लेथच्या शेडमध्ये. "सासऱ्यानं जावयाला नारळ दिला." ज्याला फुटबॉल कळत नाही तोही हसायचा. माझ्याच शेडमध्ये पोरं मशीनच्या आवाजात एकमेकांना नारळ द्यायची.

त्या हंगामात आमची आणि त्याच्या टीमची मॅच लागली. मी नेहमीच्या जागी बसलो. मालकीण म्हणाली होती जाऊ नगा. पण मी का लपून बसू? जावयाच्या पायाला पहिल्यांदा बॉल लागला आणि आमच्या गर्दीतनं एक जण ओरडला, "नारळ!" दुसऱ्यांदा लागला तेव्हा दहा जण. मग सगळा स्टँड. तो बॉलला जाईल तिथं "नारळ! नारळ!" कुणीतरी घरनं पोतं भरून करवंट्या आणल्या होत्या. म्हणजे आधीच ठरवून. त्या करवंट्या मैदानात पडायला लागल्या. रेफ्रीनं मॅच थांबवली. जावई वाकून एक एक करवंटी उचलून लाईनीच्या बाहेर ठेवायला लागला. दुसऱ्या कुणाची ती उचलायची छाती झाली नाही, त्याच्या टीमच्याही नाही.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "बास करा आता!" माझा आवाज मोठा आहे. लेथवर काम केलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो. ऐकू गेलं नाही असं कुणी म्हणू नये. पण त्या दिवशी माझ्याकडं वळून "तुमास्नी न्हाय हं आबा" असं कुणी म्हटलं नाही.

मॅच आम्ही जिंकलो. गोल मधनंच झाला. त्याचा गुडघा वळला, आमचा पोरगा त्याच्या बाजूनं गेला. पुढं उपांत्य फेरीत आम्ही मधनंच दोन खाल्ले आणि बाहेर पडलो. त्या रात्री कट्ट्यावर पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं, "तेवढा स्टॉपर आला असता तर." त्या मॅचला करवंट्या टाकणारेच ते.

जावई त्या हंगामानंतर खेळला नाही. वारणानगरकडं एका ठेकेदाराच्या हाताखाली काम लागलं, तिथंच भाड्यानं खोली घेतली. लेक निघताना आईला भेटून गेली. मी तेव्हा शेडमध्ये होतो. मी शेडमध्येच असतो हे तिला माहीत होतं, ती वेळ तिनं धरली का, मला माहीत नाही.

त्यानंतर फोन यायचा तो शेजारच्या किराणा दुकानात. मालकीण धावत जायची. सणाला तीच एसटीनं जाऊन यायची, पिशवीत चटणी, लाडू. परत आली की मी विचारत नसे, ती सांगत नसे. एकदा मात्र म्हणाली, "जाऊन या की एकदा."

"बोलावलंय का त्यांनी?"

"बापाला बोलवायला लागतंय व्हय?"

"जावयाच्या दारात सासरा बिनबोलावता जात न्हाय."

"मग बसा रीत चाटत," ती म्हणाली.

ती होती तोवर दोन घरांची ये-जा तिच्या पायानं चालली. मग ती एका पावसाळ्यात आठ दिवस तापानं पडली आणि गेली. लेक-जावई आले. जावयानं खांदा दिला, गुडघा दुखत असताना स्मशानापर्यंत दिला. लेकीनं दिवस होईपर्यंत घर सांभाळलं, मला वेळेवर ताट दिलं, औषध दिलं. "आबा, जेवा." "आबा, गोळी घ्या." ह्याच्या पलीकडं एक शब्द नाही. दिवस झाले आणि दोघं निघून गेली. दारात ओटी भरायलाही कुणी नव्हतं.

नंतर फोन यायचे बंद झाले. दुकानदार दारात दिसला की मी चालणं सावकाश करायचो. तो मान हलवायचा.

शेवटी मालकिणीच्या साड्या उरल्या होत्या. त्या लेकीच्या हक्काच्या. त्या पोचवायचं काम होतं, म्हणून मी एका रविवारी सकाळी वारणानगरची गाडी धरली. काम असलं की बोलावणं लागत नाही.

कामगारांच्या खोल्यांची लांब ओळ होती. जावई दारातच बसला होता. मला बघून उठला, गुडघ्याला हात लावून.

"या मामा."

पाणी दिलं, खुर्ची दिली. डोक्याचे केस गेले होते. लेक आतनं आली, पिशवी घेतली, साड्या बघितल्या, एक साडी नाकाला लावली आणि आत गेली. जेवताना तिनं मला दोन भाकऱ्या वाढल्या, तिसरी विचारली नाही. दुपारी आम्ही दोघं दारात बसलो. समोर पटांगणात पोरं फुटबॉल खेळत होती. तो त्यांच्याकडं पाठ करून बसला होता. ऊस, पाऊस, कारखान्याचा हंगाम, सगळं बोलून झालं. मग पुन्हा तसंच झालं, बोलायला काही उरलं नाही.

कट्ट्यावरचे आकडे माझ्या डोक्यात होते. चाळीस, पन्नास, ह्या वर्षी तर कुणी साठ म्हणत होतं. सुपारीपासून जो शब्द तोंडातनं काढला नव्हता तो मी काढला.

"पावणं, तवा तुमास्नी किती पायजे हुतं?"

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसल्यासारखा झाला.

"मी आकडा धरून आलोच न्हवतो मामा. तुमी जे बोलला असतासा त्यावर सही करणार हुतो. पाच म्हटलं असतं तरी."

आत भांडी घासायचा आवाज चालला होता.

मग त्यानं विचारलं. लई वर्षं मनात ठेवलेलं असावं, कारण एका दमात विचारलं. "मामा, त्या दिवशी तुमी हसलासा व्हय?"

"न्हाय."

"ही म्हणती, हसलासा."

"तुमी तर समोर हुतासा. तुमी काय बघितलं?"

त्यानं बराच वेळ आठवून बघितलं. तो खोटं बोलणारा गडी नाही.

"माझी मान खाली हुती मामा. मी कुणाकडंच बघितलं न्हाय."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. लेक ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं ती आता बोलेल, काय असेल ते बोलेल, आणि मी तिला सांगीन. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, गाडी चुकंल तुमची."

शेवटच्या गाडीला अजून लई वेळ होता. मी रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि उठलो.